शस्त्रक्रियायोग्य स्वादुपिंड कर्करोगातील उपचारांचा क्रम

शस्त्रक्रियायोग्य स्वादुपिंड कर्करोगातील उपचारांचा क्रम म्हणजे, शस्त्रक्रियेने काढून टाकता येण्याजोग्या स्वादुपिंडाच्या कर्करोगात केमोथेरपी व किरणोपचार शस्त्रक्रियेपूर्वी द्यावेत, नंतर द्यावेत की दोन्ही वेळा विभागून द्यावेत, याविषयीचा वैद्यकीय निर्णय. शस्त्रक्रियेनंतर दिल्या जाणाऱ्या उपचारास पूरक उपचार, तर आधी दिल्या जाणाऱ्या उपचारास पूर्वोपचार असे म्हटले जाते. शस्त्रक्रियेनंतरच्या केमोथेरपीने रुग्णांचे आयुष्य वाढते हे एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांतील चाचण्यांनी सिद्ध केले आहे. गाठ रक्तवाहिन्यांना चिकटलेली असल्यास पूर्वोपचार सर्वसाधारणपणे स्वीकारला गेला आहे. मात्र जी गाठ सहज काढता येण्याजोगी आहे तिच्या बाबतीत आधी शस्त्रक्रिया करावी की आधी औषधे द्यावीत, यावर तज्ज्ञांत एकमत नाही.

हा लेख स्वादुपिंडाच्या नलिकांच्या अस्तरातून उद्भवणाऱ्या ॲडेनोकार्सिनोमा या सर्वाधिक आढळणाऱ्या प्रकारापुरता मर्यादित आहे. संप्रेरके निर्माण करणाऱ्या पेशींपासून होणाऱ्या गाठींची वाटचाल व उपचार निराळे आहेत.

पार्श्वभूमी

स्वादुपिंड ही ग्रंथी जठराच्या मागे, पाठीच्या कण्यासमोर आडवी असते. तिचे शीर्ष लहान आतड्याच्या पहिल्या भागाने, म्हणजे ड्युओडेनमने वेढलेले असते आणि त्यातून पित्तनलिका जाते. ग्रंथीच्या लगत मागील बाजूस आतड्यांना रक्त पुरवणारी सुपीरियर मेसेंटेरिक रोहिणी, त्याच नावाची नीला आणि यकृताकडे रक्त नेणारी पोर्टल नीला असतात. या रचनेमुळे दोन गोष्टी घडतात. ग्रंथीतील लहान गाठ दीर्घकाळ लक्षणांविना राहू शकते आणि ती थोडी वाढली तरी मोठ्या रक्तवाहिन्यांपर्यंत पोहोचते. शीर्षातील गाठीने पित्तनलिका दाबली गेल्यास कावीळ होते व त्यामुळे रोग तुलनेने लवकर लक्षात येतो. ग्रंथीच्या मध्यभागातील व पुच्छातील गाठी बहुधा उशिरा उघडकीस येतात.

निदानाच्या वेळी साधारणतः १५ ते २० टक्के रुग्णांचाच रोग शस्त्रक्रियायोग्य असतो. उरलेल्यांत रोग यकृत, उदरावरण किंवा फुप्फुसांपर्यंत पसरलेला असतो अथवा रक्तवाहिन्यांना इतका वेढून असतो की गाठ काढणे शक्य नसते.

शीर्षातील गाठीसाठी स्वादुपिंडाचे शीर्ष, ड्युओडेनम, पित्तनलिकेचा खालचा भाग व पित्ताशय काढून उरलेले अवयव पुन्हा आतड्याशी जोडले जातात. अशी शस्त्रक्रिया जर्मन शल्यविशारद वॉल्टर काउश यांनी १९०९ मध्ये बर्लिन येथे केली होती. अमेरिकन शल्यविशारद ॲलन व्हिपल यांनी १९३५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधानंतर ती त्यांच्या नावाने ओळखली जाऊ लागली. पुच्छातील गाठीसाठी ग्रंथीचा डावा भाग बहुधा प्लीहेसह काढतात.

केवळ शस्त्रक्रियेने बरे होणाऱ्यांचे प्रमाण अल्प आहे. गाठ पूर्णपणे काढल्यानंतरही बहुसंख्य रुग्णांत रोग परततो आणि अनेकदा तो यकृतासारख्या दूरच्या अवयवात प्रथम दिसतो. याचा अर्थ, शस्त्रक्रियेच्या वेळी तपासणीत न दिसणाऱ्या सूक्ष्म कर्कपेशी शरीरात इतरत्र पोहोचलेल्या असतात. त्यामुळे संपूर्ण शरीरावर काम करणारी औषधे आवश्यक ठरतात. ती द्यावीत की नाही हा प्रश्न आता उरलेला नाही. ती केव्हा द्यावीत हा या विषयातील मुख्य वाद आहे.

शस्त्रक्रियायोग्यतेचे वर्गीकरण

शरीरात दूरवर प्रसार नसलेल्या रोगाचे सीटी स्कॅनच्या आधारे तीन गट पाडले जातात. शीर्षातील गाठीसाठी प्रचलित निकष स्थूलमानाने पुढीलप्रमाणे आहेत.

शस्त्रक्रियायोग्य: गाठीचा कोणत्याही मुख्य रोहिणीशी संपर्क नाही. नीलेशी संपर्क नाही, किंवा असल्यास तो तिच्या परिघाच्या १८० अंशांपर्यंतच आहे व नीलेचा आकार बिघडलेला नाही.

सीमावर्ती: गाठीचा सुपीरियर मेसेंटेरिक रोहिणीशी १८० अंशांपर्यंत संपर्क आहे, किंवा नीला अधिक ग्रासलेली असली तरी तो भाग कापून पुन्हा जोडता येण्याजोगा आहे.

स्थानिक प्रगत: रोहिणीला १८० अंशांहून अधिक वेढा आहे, किंवा नीलेची पुनर्रचना अशक्य आहे.

सीमावर्ती गटात शस्त्रक्रिया तांत्रिकदृष्ट्या शक्य असते, पण कापलेल्या कडेवर कर्कपेशी राहून जाण्याची शक्यता अधिक असते. केवळ शरीररचनेवर आधारलेले हे निकष अपुरे आहेत, असे आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने मांडले असून त्यात जैविक व शारीरिक स्थितीच्या निकषांची भर घातली आहे. सीए १९-९ या रक्तातील निदर्शकाची पातळी ५०० एककांहून अधिक असणे हा जैविक निकष होय, तर रुग्णाची दैनंदिन कार्यक्षमता घटलेली असणे हा शारीरिक स्थितीचा निकष होय. सीए १९-९ कावीळ असतानाही वाढते, म्हणून पित्ताचा अडथळा दूर झाल्यानंतरचे मापन अधिक विश्वासार्ह मानले जाते. काही व्यक्तींच्या शरीरात हा निदर्शक आनुवंशिक कारणाने तयारच होत नाही. त्यांच्या बाबतीत या चाचणीचा उपयोग नसतो.

शस्त्रक्रियेनंतरचा पूरक उपचार

अमेरिकेतील एका अभ्यासगटाने १९८५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत ४३ रुग्ण होते. शस्त्रक्रियेनंतर फ्लुओरोयुरॅसिल व किरणोपचार मिळालेल्यांचा मध्यक जीवितकाळ २० महिने, तर केवळ शस्त्रक्रिया झालेल्यांचा ११ महिने आढळला. मध्यक जीवितकाळ म्हणजे गटातील निम्मे रुग्ण ज्या कालावधीनंतरही हयात असतात तो कालावधी.

युरोपातील एस्पॅक-१ चाचणीने (२००४) केमोथेरपीचा लाभ दाखवला. पाच वर्षांनंतर केमोथेरपी मिळालेल्यांपैकी २१ टक्के, तर न मिळालेल्यांपैकी ८ टक्के रुग्ण हयात होते. किरणोपचाराचा मात्र लाभ आढळला नाही. जर्मनी व ऑस्ट्रियातील ३६८ रुग्णांच्या कॉन्को-००१ चाचणीत जेमसिटाबिन या औषधाने रोगमुक्त कालावधी ६.९ महिन्यांवरून १३.४ महिन्यांवर गेला. दीर्घकालीन पाठपुराव्यात पाच वर्षे जगणाऱ्यांचे प्रमाण १०.४ टक्क्यांऐवजी २०.७ टक्के आढळले.

यानंतरच्या चाचण्यांत कोणते औषध सरस, हा प्रश्न होता. एस्पॅक-३ मध्ये (२०१०) जेमसिटाबिन व फ्लुओरोयुरॅसिल तुल्यबळ ठरले. जपानमधील जॅस्पॅक-०१ चाचणीत (२०१६) एस-१ या तोंडावाटे घ्यायच्या औषधाने पाच वर्षे जगणाऱ्यांचे प्रमाण ४४.१ टक्के, तर जेमसिटाबिनने २४.४ टक्के राहिले. एस-१ चे शरीरातील विघटन पाश्चात्त्य लोकसमूहांत वेगळे असल्याने हा निष्कर्ष तेथे जसाच्या तसा लागू करता येत नाही. एस्पॅक-४ मध्ये (२०१७) जेमसिटाबिनला कॅपेसिटाबिनची जोड दिल्यावर मध्यक जीवितकाळ २५.५ वरून २८ महिन्यांवर गेला.

फ्रान्स व कॅनडातील ४९३ रुग्णांच्या प्रोडिज २४ चाचणीने (२०१८) सर्वांत मोठा बदल घडवला. फ्लुओरोयुरॅसिल, ल्युकोव्होरिन, इरिनोटेकॅन व ऑक्झॅलिप्लॅटिन या चार औषधांच्या फॉल्फिरिनॉक्स उपचारक्रमाचे किंचित सौम्य केलेले रूप तीत वापरले गेले. त्या गटाचा मध्यक जीवितकाळ ५४.४ महिने, तर जेमसिटाबिन गटाचा ३५ महिने होता. या उपचाराचे दुष्परिणाम तीव्र असल्याने तो प्रकृती चांगली असलेल्या रुग्णांनाच दिला जातो. इतरांसाठी जेमसिटाबिन व कॅपेसिटाबिन, अथवा एकच औषध, हे पर्याय आहेत.

पूरक उपचार सुरू करण्याची मुदत

शस्त्रक्रियेनंतर औषधे किती लवकर सुरू करावीत, याचे उत्तर एस्पॅक-३ मधील रुग्णांच्या नोंदींच्या विश्लेषणातून मिळाले (२०१४). उपचाराची सर्व सहा आवर्तने पूर्ण होणे हे उपचार लवकर सुरू होण्यापेक्षा महत्त्वाचे आढळले. जखम भरून येण्यासाठी, वजन सावरण्यासाठी व गुंतागुंत आटोक्यात येण्यासाठी १२ आठवड्यांपर्यंत थांबल्याने अपाय दिसला नाही. अशक्त रुग्णाला घाईने औषधे सुरू केल्यास ती अर्धवट सोडावी लागण्याचा धोका असतो. त्यामुळे शस्त्रक्रियेनंतरच्या आठवड्यांत आहार, पाचक विकरांच्या गोळ्या व रक्तशर्करेचे नियंत्रण यांकडे लक्ष देणे हा उपचाराचाच भाग मानला जातो.

पूर्वोपचाराची कारणमीमांसा

शस्त्रक्रियेपूर्वी औषधे देण्याच्या बाजूने पुढील कारणे दिली जातात.

स्वादुपिंडाची शस्त्रक्रिया मोठी असते. जोडलेल्या ठिकाणाहून पाचकरस गळणे, जंतुसंसर्ग, रक्तस्राव, जठर रिकामे होण्यास विलंब अशा गुंतागुंतींमुळे काही रुग्ण पूरक केमोथेरपी घेण्याच्या स्थितीत येतच नाहीत. आधी औषधे दिल्यास ती अधिक रुग्णांपर्यंत पोहोचतात.

सूक्ष्म प्रसारावरील उपचार निदानानंतर लगेच सुरू होतो.

गाठ आकसल्यास कापलेली कड कर्कपेशीमुक्त मिळण्याची शक्यता वाढते.

ज्यांचा रोग औषधे चालू असतानाही काही आठवड्यांत पसरतो, त्यांचा रोग मुळातच आक्रमक असतो. अशा रुग्णांची निष्फळ ठरणारी मोठी शस्त्रक्रिया टळते.

विरोधी बाजूची कारणेही तितकीच ठोस आहेत. औषधांचा परिणाम न झाल्यास किंवा दुष्परिणामांनी प्रकृती ढासळल्यास, सुरुवातीस काढता येणारी गाठ काढण्याची संधी हुकू शकते. पूर्वोपचारापूर्वी बायोप्सीने निदान पक्के करावे लागते. आधी शस्त्रक्रिया करावयाची असल्यास, तपासण्यांचे चित्र स्पष्ट असताना बायोप्सीची सक्ती नसते. एन्डोस्कोपीद्वारे सोनोग्राफी करून घेतलेला नमुनाही कधी अनिर्णायक येतो व तो पुन्हा घ्यावा लागतो. त्यात काही दिवस जातात.

काविळीचा प्रश्नही क्रमाशी निगडित आहे. नेदरलँड्समधील २०२ रुग्णांच्या चाचणीत (२०१०) शस्त्रक्रियेपूर्वी नळी टाकून पित्ताचा निचरा केलेल्यांपैकी ७४ टक्क्यांना, तर थेट शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी ३९ टक्क्यांना गंभीर गुंतागुंत झाली. म्हणून शस्त्रक्रिया लवकर होणार असल्यास सरसकट निचरा केला जात नाही. परंतु कावीळ असताना केमोथेरपी सुरक्षितपणे देता येत नाही. पूर्वोपचार निवडला की निचरा अपरिहार्य ठरतो. त्यासाठी प्लॅस्टिकपेक्षा अधिक काळ टिकणारी धातूची जाळीदार नळी पसंत केली जाते.

सीमावर्ती रोगातील पुरावा

या गटात पूर्वोपचाराच्या बाजूचा पुरावा बळकट आहे. एस्पॅक-५ चाचणीत (२०२३) ९० रुग्णांची यादृच्छिक विभागणी झाली. एक वर्षानंतर थेट शस्त्रक्रियेच्या गटातील ३९ टक्के रुग्ण हयात होते. आधी जेमसिटाबिन व कॅपेसिटाबिन मिळालेल्यांत हे प्रमाण ७८ टक्के, फॉल्फिरिनॉक्स मिळालेल्यांत ८४ टक्के आणि किरणोपचारासह केमोथेरपी मिळालेल्यांत ६० टक्के होते. गट लहान असल्याने औषधांची आपापसांतील तुलना त्यातून करता येत नाही, मात्र क्रमाविषयीचा कल स्पष्ट होता.

अमेरिकेतील अलायन्स ए०२१५०१ चाचणीत (२०२२) केवळ केमोथेरपी घेतलेल्यांपैकी ६६.७ टक्के, तर केमोथेरपीनंतर किरणोपचारही घेतलेल्यांपैकी ४७.३ टक्के रुग्ण १८ महिन्यांनंतर हयात होते. किरणोपचाराच्या गटातील प्रवेश अंतरिम विश्लेषणानंतर थांबवण्यात आला होता. दोन्ही गटांची परस्परांशी थेट तुलना करणे हा या चाचणीचा उद्देश नव्हता.

शस्त्रक्रियायोग्य रोगातील पुरावा

या गटातील निष्कर्ष परस्परविरोधी आहेत.

नेदरलँड्समधील प्रेओपँक चाचणीत शस्त्रक्रियायोग्य व सीमावर्ती अशा दोन्ही प्रकारचे २४६ रुग्ण होते. एका गटाला आधी जेमसिटाबिन व किरणोपचार देऊन नंतर शस्त्रक्रिया व पुन्हा जेमसिटाबिन देण्यात आले. दुसऱ्या गटात आधी शस्त्रक्रिया व नंतर जेमसिटाबिन हा क्रम होता. २०२० मधील पहिल्या अहवालात जीवितकाळातील फरक संख्याशास्त्रीय कसोटीस उतरला नाही. २०२२ मधील दीर्घकालीन अहवालात मध्यक जीवितकाळ १५.७ व १४.३ महिने, म्हणजे जवळजवळ सारखाच होता. पण पाच वर्षांनंतर पूर्वोपचार गटातील २०.५ टक्के, तर दुसऱ्या गटातील ६.५ टक्के रुग्ण हयात होते. लाभ थोड्या रुग्णांना, पण दीर्घकाळ टिकणारा असा मिळाला होता. या चाचणीतील पूरक औषध आजच्या मानाने दुर्बल होते, हा तिच्यावरील मुख्य आक्षेप आहे.

जपानमधील प्रेप-०२ चाचणीत आधी जेमसिटाबिन व एस-१ दिलेल्यांचा मध्यक जीवितकाळ ३६.७ महिने, तर थेट शस्त्रक्रिया झालेल्यांचा २६.६ महिने आढळला. हे निष्कर्ष २०१९ मध्ये मांडण्यात आले आणि जपानमध्ये पूर्वोपचार रूढ होण्यास त्यांनी हातभार लावला.

अमेरिकेतील एसडब्ल्यूओजी एस१५०५ चाचणीत (२०२१) शस्त्रक्रियेच्या आधी व नंतर विभागून केमोथेरपी देण्यात आली. फॉल्फिरिनॉक्स गटातील ४७ टक्के व जेमसिटाबिन-नॅब-पॅक्लिटॅक्सेल गटातील ४८ टक्के रुग्ण दोन वर्षांनंतर हयात होते. पूर्वीच्या पूरक उपचारांच्या तुलनेत हा निकाल सरस ठरला नाही.

उत्तर युरोपातील देशांच्या नॉरपॅक्ट-१ चाचणीचे निष्कर्ष (२०२४) पूर्वोपचाराच्या समर्थकांना अनपेक्षित होते. स्वादुपिंडशीर्षाच्या शस्त्रक्रियायोग्य कर्करोगाचे १४० रुग्ण तीत होते. आधी फॉल्फिरिनॉक्सची चार आवर्तने ठरवलेल्या गटातील ६० टक्के, तर थेट शस्त्रक्रिया ठरवलेल्या गटातील ७३ टक्के रुग्ण १८ महिन्यांनंतर हयात होते. मध्यक जीवितकाळ अनुक्रमे २५.१ व ३८.५ महिने होता. पूर्वोपचार गटातील अनेकांना चारही आवर्तने पूर्ण करता आली नाहीत. सूक्ष्मदर्शकाखालील तपासणीत कडा व लसीका ग्रंथी कर्कपेशीमुक्त असण्याचे प्रमाण पूर्वोपचारानंतर जास्त दिसले, तरी त्याचे रूपांतर दीर्घ आयुष्यात झाले नाही.

आकड्यांची तुलना करताना

पूरक उपचाराच्या व पूर्वोपचाराच्या चाचण्यांतील जीवितकाळाचे आकडे शेजारी ठेवून निष्कर्ष काढणे दिशाभूल करणारे ठरते. प्रोडिज २४ मध्ये रुग्णांचा प्रवेश शस्त्रक्रियेनंतर ३ ते १२ आठवड्यांनी झाला. गाठ पूर्ण काढलेले, शस्त्रक्रियेतून सावरलेले आणि सीए १९-९ ची पातळी १८० एककांपर्यंत असलेले रुग्णच तीत घेतले गेले. शस्त्रक्रियेत रोग पसरलेला आढळलेले, गुंतागुंतीने दगावलेले, अशक्त राहिलेले किंवा रोग लवकर परतलेले रुग्ण त्या मोजणीत आलेच नाहीत.

याउलट प्रेओपँकसारख्या चाचणीत रुग्णाची गणना निदानाच्या सुमारास सुरू होते. पुढे ज्याची शस्त्रक्रिया होत नाही तोही हिशेबात राहतो. त्यामुळे ५४ महिने व १६ महिने या आकड्यांतील तफावत बव्हंशी मोजणी कोठून सुरू झाली आणि औषध कोणते होते यांवर अवलंबून आहे. केवळ क्रमावर नाही. पूर्वोपचारानंतर प्रत्यक्ष शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांचेच निष्कर्ष देणाऱ्या अभ्यासांत याच्या उलट दिशेची चूक होते. त्यांतून मधल्या काळात गळालेले रुग्ण वगळले जातात व पूर्वोपचार आहे त्यापेक्षा प्रभावी भासतो. क्रमाचा प्रश्न निर्णायकपणे सोडवण्यासाठी निदानाच्या वेळीच यादृच्छिक विभागणी करून दोन्ही गटांना समान औषधे देणारी चाचणी आवश्यक ठरते.

किरणोपचाराचे स्थान

पूरक किरणोपचाराविषयी मतभेद आहेत. अमेरिकेतील आरटीओजी ०८४८ चाचणीत केमोथेरपीनंतर किरणोपचार दिल्याने एकूण जीवितकाळ वाढल्याचे दिसले नाही. लसीका ग्रंथींत प्रसार नसलेल्या उपगटात मात्र लाभ आढळला. पूर्वोपचारात किरणोपचार द्यावा की केवळ केमोथेरपी, याची तुलना प्रेओपँक-२ चाचणीत झाली. त्यात फॉल्फिरिनॉक्स गटाचा मध्यक जीवितकाळ २१.९ महिने व जेमसिटाबिनसह किरणोपचार गटाचा २१.३ महिने होता, म्हणजे दोहोंत फरक आढळला नाही.

प्रत्यक्ष निर्णयप्रक्रिया

उपचाराचा क्रम शल्यविशारद, कर्करोगतज्ज्ञ, किरणोपचारतज्ज्ञ, क्ष-किरणतज्ज्ञ व पोटविकारतज्ज्ञ यांनी एकत्र बसून ठरवावा, अशी मार्गदर्शक तत्त्वे आहेत. सीटी स्कॅन पित्तनलिकेत नळी टाकण्यापूर्वी करणे श्रेयस्कर असते. नळीमुळे होणारी सूज गाठीच्या कडा अस्पष्ट करते. पूर्वोपचार दिल्यास ठरावीक आवर्तनांनंतर स्कॅन व सीए १९-९ पुन्हा तपासले जातात. औषधांनंतर गाठीभोवतीचा तंतुमय भाग स्कॅनमध्ये तसाच दिसू शकतो. त्यामुळे गाठ लहान न दिसणे म्हणजे उपचार अयशस्वी, असे समजले जात नाही. रोग पसरलेला नसेल व निदर्शक घटत असेल, तर अनेकदा शस्त्रक्रियेचा प्रयत्न केला जातो.

शस्त्रक्रिया कोठे होते यालाही क्रमाइतकेच महत्त्व आहे. अमेरिकेतील मेडिकेअर विम्याच्या नोंदींवरील अभ्यासात (२००२) स्वादुपिंडाच्या शस्त्रक्रिया अत्यंत कमी संख्येने करणाऱ्या रुग्णालयांतील मृत्यूंचे प्रमाण १६.३ टक्के, तर सर्वाधिक करणाऱ्या रुग्णालयांतील ३.८ टक्के आढळले.

भारतात या कर्करोगाचे प्रमाण युरोप व उत्तर अमेरिकेच्या तुलनेत कमी आहे. मुंबईतील टाटा स्मारक रुग्णालय हे या शस्त्रक्रियेचे देशातील प्रमुख केंद्रांपैकी एक आहे. टाटा स्मारक केंद्राच्या समन्वयाने चालणारी राष्ट्रीय कर्करोग जाळे ही रुग्णालयांची संघटना भारतीय परिस्थितीस अनुरूप उपचारांची मार्गदर्शक तत्त्वे तयार करते.

सद्यस्थिती

सीमावर्ती रोगात आधी केमोथेरपी हा क्रम बहुतेक मार्गदर्शक तत्त्वांनी स्वीकारला आहे. स्पष्टपणे शस्त्रक्रियायोग्य असलेल्या रोगात थेट शस्त्रक्रिया व त्यानंतर पूरक केमोथेरपी हा मान्य क्रम आहे. सीए १९-९ फार वाढलेले असणे, गाठ मोठी असणे, वजन झपाट्याने घटलेले असणे अशा परिस्थितीत याही गटात पूर्वोपचाराचा विचार केला जातो. नेदरलँड्समधील प्रेओपँक-३ व अमेरिकेतील अलायन्स ए०२१८०६ या चाचण्या नेमक्या याच प्रश्नासाठी आखण्यात आल्या. त्यांत सौम्य केलेले फॉल्फिरिनॉक्स शस्त्रक्रियेच्या दोन्ही बाजूंना विभागून देणे आणि ते सर्व शस्त्रक्रियेनंतर देणे यांची तुलना आहे. दोन्ही गटांत औषध एकच असल्याने फरक आढळल्यास तो क्रमाचाच मानता येईल.